चार नंबरचा फोटो

काटकोनने माझ्या मुलीचा फोटो झाकायला सुरुवात केली, तेव्हा मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत मान खाली घालून बसले होते. आमच्या फोटो क्लबचा नियमच तसा होता. फोटोंना नंबर लावून ते फळीवर मांडायचे, कुणी काढला ती चिठ्ठी पाकिटात बंद करायची, आणि ज्याचा फोटो त्याने आपण त्या गावचेच नाही असं बसायचं. सगळ्यांची मतं होऊन पाकीट फुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

काटकोन हे अर्थात त्याचं नाव नव्हे. त्याचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. तोंडावर सगळे त्याला काका म्हणत, पाठीमागे काटकोन. कारण त्याच्या शर्टाच्या खिशात जाड काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन कायम असायचे. एक वरून, एक खालून असे तो फोटोवर ठेवायचा आणि सरकवत सरकवत नको ते झाकून दाखवायचा. "आधी चार कोपरे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "चेहऱ्याकडे बघायचंच नाही. चेहरा लाडीगोडी लावतो." आणि खोटं कशाला बोलू, नजर होती त्याला. त्याने अर्धा इंच झाकलं की मेलेला फोटो उठून बसायचा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत दर रविवारी दहा वाजता आम्ही आठ-दहा जण जमायचो, ते त्याच्या शब्दासाठी. मीसुद्धा.

ढमी तेव्हा अकरा महिन्यांची होती. फोटोत ती टेबलाची कड धरून आयुष्यात पहिल्यांदा उभी होती. तोंड उघडं, खालचे दोन दात, आणि डोळ्यांत असा भाव की आता ही सगळी खोली माझी. उजव्या कडेने माझा हात फोटोत शिरला होता, बोटं फाकलेली, हललेला. एका हातात कॅमेरा होता आणि दुसरा हात तिच्या पाठीशी.

"हा हात बघा," काटकोन म्हणाला. "हा कशाला कडमडलाय इथे?" उजवा पुठ्ठा सरकला. हात गेला. "आता मूल बघा. मूल कुठेही बघतं, मूलच ते. हे टेबल. टेबलावर कप. कप कुणाचा?" डावा पुठ्ठा सरकला. टेबल गेलं. मग वरून, मग खालून. शेवटी दोन काळ्या पुठ्ठ्यांच्या मधे माझ्या मुलीचा एक कान उरला.

"आता सांगा, उरलं काय?"

हसले सगळे. दातांचे डॉक्टर हसले, पीटीच्या बाई हसल्या.

"हा फोटो नाही," तो म्हणाला. "कौतुक आहे. कौतुक घरच्या भिंतीवर लावावं. हात कापा, नाहीतर फोटो काढायचे सोडा."

आणि मी बोलले. "तो हात माझा आहे! नसता तर पडली असती ती!"

काटकोनने पुठ्ठे खिशात ठेवले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे क्लबचे नियम टांगले होते, त्याच्याच तिरक्या अक्षरात, त्याच्याच हातच्या फ्रेममध्ये, खाली त्याची खूण, एक बारीक काटकोन आणि आत एक ठिपका. शेवटचा नियम असा होता: स्वतःच्या फोटोवर जो बोलेल त्याने तीन महिने कुणाच्याही फोटोवर बोलू नये, व क्लबचे कपाट आवरावे.

"ताई, नियम मी केला, पण सगळ्यांना सारखा आहे," तो म्हणाला. "तीन महिने."

घरी आले तर ढमी सासूबाईंच्या मांडीवर चमचा चघळत बसली होती. त्या दोन तासांसाठी मी आठवडाभर त्यांची मनधरणी करायचे.

"काय म्हणाले फोटोला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कान उरला इथपर्यंत आले आणि पुढचं सोडून ढमीच्या हातातला चमचा पुसत बसले.

"सोड ना," नवरा पेपरातून म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"तू गप्प रे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नातीचा कान तेवढा ठेवला? मेल्याचे पुठ्ठे चुलीत घालायला हवेत."

आमच्याकडे गॅस आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला.

मी कॅमेरा कपड्यांच्या कपाटात वर ठेवून दिला. रागाने नाही. रागाने ठेवला असता तर चार दिवसांत काढलाही असता. मला फोटोच दिसेनात. ढमी पडद्यात तोंड लपवून खिदळायची, आणि मला आधी चार कोपरे दिसायचे. पडद्याची सुरकुती, स्टुलाचा पाय, कुणाचा तरी कप. कॅमेऱ्यापर्यंत जाणारा हात वाटेतच परत यायचा.

अशात एका मंगळवारी दुपारी तिने फ्रिजपासून माझ्यापर्यंत चार पावलं टाकली. पाचव्याला माझ्या गुडघ्यांवर आपटली आणि मान वर करून हसली. मी तिला उचलून नाचले, सासूबाईंना हाका मारल्या, नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी नवऱ्याने सहज विचारलं, "फोटो काढलास ना?"

नव्हता काढला. ती चार पावलं कुठेच नाहीत. पुढची हजार पावलं माझ्याकडे असतील, पण ती चार नाहीत. त्या संध्याकाळी मी ढमीला भरवताना, तिच्या हनुवटीवरची पेज पुसताना, अगदी शांतपणे ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

*

तीन महिने मी रविवारी जात राहिले. नवऱ्याला कळेना. "बोलायचं नाही, फोटो लावत नाहीस, मग जातेस कशाला?"

"कपाट आवरायला," मी म्हणायचे.

लोखंडी कपाट होतं, खोलीच्या मागच्या बाजूला, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. इकडे काटकोन कुणाच्या तरी सूर्यास्ताची साल काढत असायचा आणि तिकडे मी खोकी उपसत असायचे. जुने फोटो, नंबरांच्या चिठ्ठ्या, वाळलेल्या डिंकाच्या बाटल्या. पूर्वी क्लबात मतं फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. ते वाचत बसणं ही माझी करमणूक झाली. 'आकाश जास्त.' 'बकरी छान, मालक नको.'

दहाव्या रविवारी सगळ्यात खालच्या खोक्यात मला तो सापडला. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. टेबलावर एक बाळ बसलंय, नुकतंच बसायला शिकलेलं, कलतं, एका बाजूला झुकलेलं. आणि डाव्या कडेने एक हात आत शिरलाय. मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. बोटं फाकलेली.

माझाच फोटो जणू. फक्त पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा.

मी तो उलटा केला. पाठीवर तारीख, तिरक्या अक्षरात. त्याखाली बारीक काटकोन आणि आत एक ठिपका. आणि त्याखाली, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातची पेन्सिल, जाड, दाबून: 'फोटो नाही, कौतुक आहे. हात कापा.' 'हात कापा'खाली दोन रेघा.

मी खाली फरशीवरच बसले. म्हणजे हे शब्द त्याचे नव्हतेच. कुणीतरी ते त्याच्या थोबाडावर मारले होते, आणि त्याने ते इतकी वर्षं जपून ठेवून मला मारले होते.

दया आली का? आली. ढमीच्या जांभईएवढी टिकली. मग मला ती चार पावलं आठवली आणि मी फोटो पर्समध्ये टाकला.

*

पुढचं काम मी ढमीच्या दुपारच्या झोपेत केलं. ती झोपली की मला पाऊण तास मिळायचा, कधी दात येत असले तर वीस मिनिटं. मी कॅमेरा खाली काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. खिडकीच्या उजेडात त्या जुन्या फोटोचा फोटो घेतला, डाग साफ केले, आणि छपाईवाल्याकडून वहीच्या दोन पानांएवढा मोठा करून आणला.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितला. "कोणाचं गं हे बाळ?"

"काटकोनचं."

त्यांनी बराच वेळ बघितला. "हात बाईचा वाटतोय."

"असेल त्याचाच," मी म्हणाले. "माझा होता तसा."

"मग काय करणार आहेस याचं?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "ढमीला दहाच्या आधीच झोपवते. तू वेळेवर जा."

चिठ्ठीवर मी काही खोटं लिहिलं नाही. चिठ्ठीवर फोटो काढणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, मी त्याचंच लिहिलं. पाकीट चिकटवलं. फोटोला नंबर मिळाला चार.

माझी शिक्षा आदल्याच आठवड्यात संपली होती. "या ताई," काटकोन म्हणाला. "आता बोलायचं बरं का. पण दुसऱ्यांच्या फोटोवर."

"हो काका," मी म्हणाले. मान खाली, हात मांडीवर. अगदी गरीब गाय.

एक नंबर झाला, दोन झाला. तिसरा डॉक्टरांचा पक्षी होता, डॉक्टर दर वेळी पक्षीच लावत. मग काटकोन चौथ्यापुढे उभा राहिला. खिशातून पुठ्ठे काढले. ओळखेल का? एवढं मोठं त्याचंच बाळ समोर होतं. पण त्याची नजर वरच्या डाव्या कोपऱ्यावर गेली, मग उजव्या, मग खालच्या. आधी चार कोपरे. चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"हात!" तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून हसला. "परत हात. साथ आलीय का काय क्लबात?"

हसले सगळे.

"मला तो हात बरा वाटला," डॉक्टर चाचरत म्हणाले. "म्हणजे बाळ कलतंय ना, तर..."

"डॉक्टर, तुम्ही दात बघा. हात मी बघतो." पुठ्ठा सरकला. घड्याळ गेलं, बोटं गेली. "हा बघा. हे घड्याळ लक्ष खेचतं सगळं. कोण बाई आहे, कुणाला पडलंय? आता बाळ मोकळं झालं की नाही? ज्याने काढलाय त्याला कुठे थांबायचं कळलेलं नाही. जीव गुंतलाय, डोळा नाही. हा फोटो नाही, हे..."

"कौतुक आहे," मी म्हणाले.

"बरोब्बर! शिकल्या ताई."

मतं संपली. पीटीच्या बाई त्या फोटोचं पाकीट फोडायला उठल्या. चौथं पाकीट फोडून त्यांनी चिठ्ठी वाचली आणि पुन्हा वाचली. मैदानावर शिट्टीशिवाय दीडशे मुलं हलवणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"चार नंबर... काका, हा तुमचा आहे."

"कुणाचा?"

मी उठले. पर्समधून तो पोस्टकार्डाएवढा फोटो काढला आणि त्याच्यापुढे टेबलावर पालथा ठेवला. पाठ वर.

त्याने आपली खूण पाहिली. खालची पेन्सिल वाचली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. याच क्षणासाठी मी तीन महिने धूळ खाल्ली होती, आणि तो मला पुरेपूर हवा होता. आधी कान लाल झाले. मग त्याने फोटो उलटा केला आणि लाली उतरली.

फळीवरच्या मोठ्या फोटोवर पुठ्ठा तसाच होता. त्याने तो काढला. घड्याळ दिसलं.

"हे हिचं घड्याळ," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. "घरी लावलाय तो फोटो. त्यात हात नाहीये. मीच कापला होता."

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तो हात तिचा असेल हे मात्र मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना नुसतं बघून कळलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं.

तिथे थांबता आलं असतं. बसा काका, पाणी घ्या, असं म्हणता आलं असतं. पीटीच्या बाईंनी तर ग्लास भरलाही होता.

"काका," मी म्हणाले, आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "नियम."

"अगं!" पीटीच्या बाई म्हणाल्या.

"पण त्यांना माहीत कुठे होतं?" डॉक्टर म्हणाले. "आणि फोटो त्यांनी लावलाच नाही."

"चिठ्ठीवर फोटो काढणाऱ्याचं नाव असतं. मी खरं तेच लिहिलं. आणि माहीत असताना बोलला तर, असं नियमात नाही. स्वतःच्या फोटोवर जो बोलेल, एवढंच आहे. अक्षर त्यांचंच आहे, विचारा त्यांना."

काटकोन माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच, चार कोपरे सोडून, सरळ माझ्या चेहऱ्याकडे. मग त्याने मान हलवली. एकदाच. पुठ्ठे खिशात टाकले, छोटा फोटो उचलला.

"तो क्लबचा आहे," मी म्हणाले. "कपाटात जातो."

तो कपाटाकडे गेला. माझ्या पाठीमागे खोक्यांचा आवाज येत राहिला आणि आम्ही पाच नंबरच्या फोटोवर बोललो. मी पोट भरून बोलले.

*

त्या दुपारी मला गाढ झोप लागली, ढमीच्या शेजारी, तिचं पाऊल माझ्या बरगडीत. माझा जीव खरंच थंड झाला होता, आणि तो थंड झाल्याबद्दल मला अजूनही लाज वाटत नाही.

कॅमेरा परत कपाटात गेला नाही. ढमी आता पळायला लागली होती. मी पळताना काढली, पडताना काढली, बादलीत डोकं घालताना काढली. पुठ्ठे दिसायचे बंद झाले. काटकोन दर रविवारी यायचा, मुकाट कपाट आवरायचा. खरं तर मीच ते लख्ख आवरून ठेवलं होतं, आवरायला तिथे काही उरलं नव्हतं. तो सगळ्यात खालचं खोकं मांडीवर घेऊन बारापर्यंत बसून राहायचा. त्याच्या आत काय होतं ते मला माहीत होतं. मी तिकडे बघायचे नाही.

नवव्या रविवारी मी ढमीचा नवा फोटो लावला. जिन्यापाशी, माझ्याकडे पाठ, एक पाय पायरीवर उचललेला, खिडकीचा उजेड केसांत. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता तो. चारही कोपरे डोळ्यांत तेल घालून साफ केलेले. कप नाही, स्टूल नाही, काही म्हणजे काही नाही.

"गोड!" पीटीच्या बाई म्हणाल्या.

"फारच छान," डॉक्टर म्हणाले. "उजेड छान आहे."

"हो ना, उजेड."

पुढे कुणाला काही सुचेना. मी मान खाली घालून बसले होते आणि मला तो फोटो कुठेतरी खटकत होता, तीन दिवस खटकत होता, आणि कुठे ते सापडत नव्हतं. या खोलीत ते एकाच माणसाला सापडलं असतं. मी हळूच मागे पाहिलं.

काटकोन उठून उभा होता. खोकं खाली ठेवलेलं. लांबूनच बघत होता, आणि कोपऱ्यांकडे नाही, ढमीकडे बघत होता. मग चार पावलं पुढे आला. हात खिशाकडे गेला.

"काका," मी म्हणाले, फोटोवर नव्हे, नियमावर, "बोलायचं नाही म्हणजे हातानंही नाही."

त्याचा हात थांबला. तो फोटोकडे अजून जरा बघत राहिला, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं, आणि तो परत जाऊन खोक्यापाशी बसला. नियम त्याचा होता, तो मोडेना. आणि मी मोडू देईना.

"काय म्हणाला तो?" घरी सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. बोलता येत नाही त्याला."

"मग जिंकलीस की."

"हो," मी म्हणाले, आणि ताट न वाढताच फोटो भिंतीला टेकवून त्याच्यापुढे फरशीवर बसले. ढमी आली, मांडीत बसली. तिने फोटोतल्या स्वतःकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, आणि पायरीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "आई."

तिथे काही नव्हतं. पांढरी भिंत होती. मी कॅमेऱ्यामागे होते त्या दिवशी, आणि ती पायरीवर कलली तेव्हा माझा हात नेमका तिथूनच तिच्याकडे गेला होता. मीच तो मागे घेतला होता. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. ती आपटली नाही, हे तिचं नशीब.

कुणी कापायला सांगण्याआधी मीच कापून बसले होते.

याचंही उट्टं मी त्याच्याकडूनच काढणार आहे. मी उठले, तिला जिन्यापाशी नेलं, कॅमेरा एका हातात घेतला. "चल ढमे, चढ." तिने पाय उचलला, कलली, आणि मी दुसरा हात पुढे केला, बोटं फाकून, कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोरून, सगळा कोपरा अडवून. तिने त्यातलं एक बोट पकडलं. मी बटण दाबलं.

अजून चार रविवार. त्यानंतरच्या रविवारी हा फोटो लावणार आहे, एक नंबरला. पुठ्ठे घेऊन उभा राहा म्हणावं, आणि आता बोल काय बोलायचं ते. मी गप्प बसेन, एक अक्षर काढणार नाही. पण त्या हातावर पुठ्ठा ठेवायला त्याचा हात उचलतो का, ते मला समोर बसून बघायचं आहे.